उलट्या पावलांचे तात्या

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पहाटे धुक्यातून आधी एक पाठ येते. मग मफलर गुंडाळलेलं डोकं. चेहरा येतच नाही. दोन्ही हात पलीकडं कुणाला तरी धरायला पसरलेले, आणि पावलं मात्र उलटी, आपल्याच दिशेनं. नव्या दूधवाल्यानं पहिल्यांदा हे बघितलं आणि मोटरसायकल चालू ठेवूनच पळाला. उलट्या पायाचं कोण असतं, हे त्याला गावाकडंच कळलेलं.

ते भूत म्हणजे आमचे शेजारी तात्या. फाउंड्रीतून रिटायर झाल्यापासून अख्ख्या गल्लीच्या सांध्यांचा ठेका त्यांच्याकडं. “सांधं आधी उठवायचं, मग आपण उठायचं,” असं म्हणत चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसालाही घोटे फिरवायला लावतात. “पावणं, खांदं कानाला लागलेत तुमचं. खाली सोडा.” तो बिचारा चहा सांडतो. माझी मान लॅपटॉपनं धरली तेव्हा रोज सकाळी “डावीकडं. सावकाश” करून माझं डोकं खाल्लं. मान सुटली, हे कबूल करायला लागतं.

घरात मात्र त्यांचं चालत नाही. काकूंना उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. आता पायात ताकद आलीय, डॉक्टर म्हणतात चालवा, पण पडायची भीती बसलीय. तात्या त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन एकेक बोट हलवतात. काकू खिडकीलगतच्या खाटेवरून बाहेर बघत पडून असतात. उठत नाहीत.

परवा पहाटे मीच तात्यांना अडवलं. “गुडघ्यासाठी एवढं उलटं चालायचं? लोकं घाबरतात.”

“गुडघ्याला काय धाड भरलीय? ती उठली की तिचं दोन्ही हात धरून मला असंच चालायचं हाय. तवा खड्डं बघत बसू व्हय? आत्ताच सवय करतोय.” मग मला खालवर न्याहाळलं. “हात दे. तूच ती हायस असं समज.”

अंगावर काटा आला, पण दिले हात. तात्या उलटे चालू लागले. डोळे माझ्यावर होते, बघत होते दुसऱ्याच कुणाला. “उचल पाय. टाच आधी. मी हाय की.” गटाराचं झाकण त्यांनी न बघता ओलांडलं. तात्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली आणि भरूनही आलं.

त्यांच्या दाराशी माझे पाय थिजले. त्यांच्या मागं, खिडकीच्या गजांआड, पांढराफटक चेहरा. केस सुटलेले. काकू उभ्या होत्या.

“तात्या, मागं बघा.”

“मागं बघायचं न्हाय. हात सुटतो.”

मी हात न सोडता त्यांना तसंच वळवलं.

काकूंचे पाय लटपटत होते, पण गज घट्ट धरलेले. जड जिभेनं म्हणाल्या, “रोज रिकामं हात घेऊन जाताय. आज दुसऱ्याचं धरलासा व्हय?”

तात्या धावतच आत गेले. दार उघडंच राहिलं. आतून एवढंच ऐकू आलं, “चपला कुठं हायत गं तुझ्या?”