गडावरच्या सासूबाई

सासूबाईंचा गुडघा धरला, त्या लेकीकडे राहायला आल्या आणि जावयाचं राज्य गेलं. राज्य म्हणजे काय, तर बाहेरच्या खोलीतली एक आरामखुर्ची आणि तिच्या हाताशी असलेला चार्जरचा प्लग. पण दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून लोकांची भिंगं घासणाऱ्या माणसाला संध्याकाळी तेवढं पुरत असे. आता खुर्चीत सासूबाई होत्या, समोरच्या स्टुलावर त्यांचा पाय होता आणि जावई स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून मोबाइलवर खेळत होता.

फ्रिजला टेकूनही खेळता आलं असतं. पण सासूबाईंना करमत नव्हतं, आणि करमेनासं झालं की त्या बोलत. शेवटी बायकोने फर्मान काढलं की त्याच्या जुन्या टॅबवर आईला काहीतरी खेळायला लावून दे. त्याने नुसतं लावून दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण खेळांबद्दल त्याची मतं होती आणि ती ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

त्याने सांगितलं की कोड्याचा खेळ हा सगळ्यात प्रामाणिक. तिथे चूक झाली तर ती आपलीच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. कोड्यात घड्याळ लावणारे लोक मूर्ख आणि हिंट मागून कोडं सोडवणारे त्याहून मूर्ख. युद्धाचे, डावपेचांचे खेळ वेगळे. तिथे समोर माणूस असतो, म्हणजे दगा आलाच. धान्य कुणाला द्यायचं नाही, दार उघडायचं नाही आणि शत्रूशी चकार शब्द बोलायचा नाही.

"म्हणून तुम्हाला कोडं देतोय," तो म्हणाला. "बाकीचे ठोकळे सरकवायचे आणि लाल ठोकळा दारातून बाहेर काढायचा."

सासूबाईंनी थोडी खटपट करून लाल ठोकळा बाहेर काढला. "काढला. आता हा कुठे जातो?"

"कुठेच नाही. पुढचं कोडं येतं."

"म्हणजे परत आत?"

त्याने मान हलवली आणि तो फ्रिजकडे परत गेला. टॅबवर दुसराही एक खेळ होता, गडाचा, आणि तो त्याच्याच नावाने उघडा होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या गडावर तो सेनापती होता. दुकानातली चारपाच माणसं आणि त्यांचे दोस्त अशी त्याची टोळी होती. समोरच्या डोंगरावर 'काळा गरुड' नावाच्या कुणा अनोळखी माणसाची टोळी होती, आणि रविवारी दोघांची जुंपायची. मागच्या लढाया सेनापती हरला होता. टोळीचं ठरलं होतं की या रविवारी गड पडला तर सेनापतिपद काउंटरवरच्या मुलीकडे जाईल. दुकानात त्याला कुणी काही विचारत नसे, मालक तर त्याला अधूनमधून दुसऱ्याच नावाने हाक मारत. गडावर मात्र माणसं त्याच्या शब्दासाठी थांबत. ते गेलं असतं तर त्याच्याकडे भिंगंच उरली असती.

दुसऱ्या दिवशी कोठारातलं धान्य कमी झालेलं दिसलं. त्याने दुकानात काउंटरवरच्या मुलीकडे रोखून पाहिलं आणि टोळीत फितुरी झाल्याचं जाहीर केलं. ती फणकारली आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. मग त्याने गडाचं दार बंद केलं. संध्याकाळी ते उघडं होतं. पहारेकरी दुप्पट केले, तर सकाळी गडावर एकही पहारेकरी नव्हता. संशय घेऊन घेऊन त्याने निम्मी टोळी दुखावली. शेवटी थकून त्याने शत्रूशी बोलायची खिडकी उघडली. या खिडकीला त्याने आजवर हात लावला नव्हता.

तिथे त्याच्या नावाने लिहिलं होतं, 'जेवलात का?' खाली काळ्या गरुडाचं उत्तर होतं, 'नाही. पाठ धरली आहे. उठवत नाही.' त्याखाली सेनापतीच्या नावाने पाठ शेकण्याची सविस्तर रीत होती.

तो टॅबसमोर जाऊन उभा राहिला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कोण लिहिणार? गुरांचा डॉक्टर आहे बिचारा. घरी एकटाच असतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याकडचं धान्य संपलं होतं, म्हणून थोडं पाठवलं."

"आणि पहारेकरी?"

"दिवसभर उभे होते हो ते. घरी पाठवले."

तो मटकन स्टुलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसला. धान्य, दार, पहारा, काहीच हातात राहिलं नव्हतं आणि उद्या रविवार होता. त्याने फक्त टॅब बंद केला आणि सासूबाईंनी तो पुन्हा चालू केला.

रविवारी समोरच्या डोंगरावरून माणसं निघाली. टोळी श्वास रोखून पाहत होती. माणसं उघड्या दारातून आत आली, कोठारात धान्याची पोती उतरवली आणि आल्या वाटेने परत गेली. मग काळ्या गरुडाचा निरोप आला की पाठीला आराम आहे, यापुढे आपल्यात तह.

टोळी वेडी झाली. दार उघडं टाकण्यात केवढी चाल होती ते आता प्रत्येकाला कळलं. काउंटरवरच्या मुलीने तर दुकानात सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. सेनापतीने ती दिली, आणि खरं काय ते सांगायचं राहून गेलं. तह टिकवायचा तर रोज गरुडाच्या पाठीची चौकशी करणं भाग होतं. त्याने स्वतः एकदा करून पाहिली, तेव्हा गरुडाने विचारलं, 'आज तब्येत बरी नाही का तुमची?'

त्याच आठवड्यात सासूबाईंनी बॅग भरायला घेतली.

"गुडघ्याला अजून विश्रांती हवी," जावई म्हणाला. बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. आई परत कधी जाणार, हे तो तिला रोज अंथरुणात विचारत आला होता. "खुर्ची तुमचीच आहे," त्याने पुढे जोडलं, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

"नको. चालता येतंय आता." सासूबाईंनी बॅगेची चेन ओढली. "आणि खेळाची काळजी करू नका. घरून खेळणार आहे मी. मुलाने नवा मोबाइल घेऊन ठेवलाय."

त्याला एकदम हायसं वाटलं. "म्हणजे गडावर तुम्ही असालच."

"तुमच्या कुठे? मी गरुडाकडे चाललेय. तुमच्याकडे इतकी माणसं आहेत, त्याला कोण आहे?"

"पण तह झालाय ना?"

"तो त्याने तुमच्याशी केलाय, मी कुठे केलाय?" त्या म्हणाल्या. "आणि नुसती धान्याची पोती इकडून तिकडे न्यायला मला कंटाळा येतो."

सासूबाई गेल्या. खुर्ची परत मिळाली, प्लगही मिळाला. जावयाने आठवडाभर त्या खुर्चीत बसून दारं बदलली, पहारे बदलले, कोठार हलवलं, आणि प्रत्येक वेळी त्याला जाणवत राहिलं की आपण काय करू हे ओळखणारं एकच माणूस आहे आणि ते पलीकडच्या डोंगरावर आहे.

रविवारी सकाळी शत्रूशी बोलायच्या खिडकीत निरोप आला. 'जावईबापू, आम्ही निघतोय. मागच्या दाराने येऊ, पुढे उगाच गर्दी करू नका. आणि आधी खाऊन घ्या, उपाशीपोटी हरू नये.'

त्याने दोन वेळा निरोप वाचला, टॅब खुर्चीवर ठेवला आणि निमूटपणे खायला बसला.