धोंडाबाईचं विमान

"भाकरी बाहेरची कशी काय रं? घरची हाय!" अंबाबाईनं गेटवरच्या वॉचमनला सुनावलं.

वॉचमननं हात जोडले. "मावशी, पार्कच्या बाहेरचं काही आत न्यायचं नाही. आत हॉटेल आहे." त्यानं मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं. सकाळपासून काढून घेतलेला माल तिथं रचला होता. चकल्या, लाडू, मेथीच्या पुऱ्या आणि एक अख्खा फणस.

डिंगोरे गावच्या बचत गटाच्या बारा बायका पहाटे चारला टेम्पोनं निघून या भल्यामोठ्या पार्कला पोचल्या होत्या. अंबाबाई त्यांची अध्यक्ष. तेरावा सोमाजी, बारा बायकांत एकटा बाप्या. ती जागा खरी त्याच्या बायकोची, धोंडाबाईची. टीव्हीवर या पार्कची जाहिरात लागायची. उंचावरून एक होडी सुटायची आणि धाडकन पाण्यात पडायची. भाकऱ्या थापता थापता धोंडाबाई म्हणायची, "एकदा त्या होडीत बसायचंय मला. मग गुडघं गेलं तरी चालत्याल." गुडघे तोवर गेलेलेच होते. सहलीच्या यादीत तिनं सगळ्यांच्या आधी नाव घातलं आणि आषाढात दोन दिवसांच्या तापानं ती गेली. गटानं तिचं नाव काही खोडलं नाही. अंबाबाई तिची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दाजी, तिच्या जागेवर तुमी चला." सोमाजी आला तो फक्त त्या होडीसाठी.

सोबत धोंडाबाईचं विमानही आलं होतं. विमान म्हणजे तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी, घडी होणारी हलकी गाडी. मुलगा गोरख दुबईला होता, त्यानं आईच्या गुडघ्यांसाठी आणलेली. धोंडाबाई हँडलला किटली अडकवून तिच्यावर रोज डेअरीला दूध घालायला जायची. हॉर्नला तिनं काळी बाहुली बांधली होती, ती अजून तशीच होती. सोमाजीनं ती गाडी अंबाबाईसाठी सोबत घेतली होती, कारण दोघी बहिणींचे गुडघे एकाच घरातले. पण अंबाबाईनं साफ सांगितलं, "मी काय म्हातारी हाय व्हय? चारचौघांत त्याच्यावर बसू?" आणि लंगडत चालू लागली.

आता मात्र ती त्या गाडीकडे टक लावून बघत राहिली. मग सगळ्यांना टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेली.

"दाजी, बसा."

"मी? माझं पाय चांगलं हायेत की."

"तेच सांगायचं न्हाई."

दोन मिनिटांत सोमाजीच्या मांडीवर चाळीस भाकऱ्यांची चवड आली. दोन गुडघ्यांमध्ये ठेच्याची बरणी, पोटाशी उकडलेली अंडी आणि या सगळ्यावर शाल. सोमाजी खालून गरोदर बाईसारखा आणि वरून आमदारासारखा दिसू लागला.

"काय झालंय काकांना?" वॉचमननं विचारलं.

"कमरंखाली काय बी कळत न्हाई," अंबाबाईनं पदर डोळ्याला लावला. "टाचणी टोचा न्हाईतर निखारा ठेवा."

"आणि सोबत तुम्ही सगळ्या?"

"बाराजणी."

वॉचमननं सोमाजीकडे जरा आदरानं पाहिलं. शाल काही उचलली नाही. त्यानं सोमाजीच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि शिट्टी वाजवली. निळ्या ड्रेसमधली एक मुलगी पळत आली. छातीवर पाटी होती, तेजस्विनी.

"नमस्कार काका. आज दिवसभर मी तुमच्यासोबत असेन. तुम्हाला एक मिनिटही एकटं सोडणार नाही."

सोमाजीनं अंबाबाईकडे पाहिलं. अंबाबाईनं भाकऱ्यांकडे पाहिलं.

ठरलं होतं ते असं, की आत गेल्यावर झाडाखाली बसून जेवायचं. पण तेजस्विनी हलायलाच तयार नाही. "मावशी, ती शाल राहू द्या, काकांना गार वारं लागेल," असं म्हणून तीच शाल नीट खोचायची. एक अंडं मात्र तेवढ्यात खाली घरंगळलं. अंबाबाईनं त्यावर पाय दिला आणि ती नव्या पाळण्याचं कौतुक करत राहिली.

हिरव्या पट्टीचा एक फायदा झाला. कुठल्याही रांगेत सोमाजीला पुढं नेत आणि त्याच्या मागून बाराजणी. लोक दीड दीड तास उन्हात उभे, आणि डिंगोऱ्याच्या बायका चक्रीवर दोनदा, झुल्यावर तीनदा. सरपंचाच्या सासूबाई तर भुताच्या घरात जाऊन भुतालाच रागावून आल्या. सोमाजी खाली बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होता. मांडीवर चाळीस भाकऱ्या आणि पोटात कावळे.

अशीच दुपार झाली आणि समोर होडी आली. साठ पायऱ्यांच्या उंचीवरून ती सुटत होती आणि खाली पाण्याची भिंत उडत होती. टीव्हीत दिसायची त्यापेक्षा दुप्पट मोठी.

"पोरी, मला ह्याच्यात बसायचंय."

"नाही काका. पायांत जाणीव नसेल तर इथं बसवत नाहीत. तुम्ही फक्त बघायचं."

"जरा जरा हाय जाणीव."

"जरा जरावर नाही चालत."

बायका पायऱ्या चढून गेल्या. गुडघ्यांमुळं अंबाबाई खालीच राहिली, पण सोमाजीच्या नजरेला नजर देईना. सोमाजीला वाटलं, चाळीस भाकऱ्यांसाठी आपण काय घालवून बसलो. त्यानं गाडी थोडी पुढं घेतली, निदान जवळून तरी बघू म्हणून. वाटेत पाण्याच्या पाइपावरचा उंचवटा होता. गाडी त्यावरून धबकन उतरली आणि दोन गुडघ्यांमधली बरणी आडवी झाली.

आधी काहीतरी गार लागलं. ते तेल होतं. मागून ठेचा आला.

हिरव्या लवंगी मिरचीचा तो ठेचा अंबाबाईनं आदल्या दिवशी स्वतः वाटला होता. तो धोतरातून पाझरत आत गेला. सोमाजीच्या कपाळावर घाम आला. कान लाल झाले. टोपी आपोआप वर सरकल्यासारखी वाटली.

"काका, बरं वाटत नाही का?"

"लई बरं वाटतंय," सोमाजी दात दाबून म्हणाला.

"मग डोळ्यांतून पाणी का येतंय?"

"होडी बघून."

"दाजी," अंबाबाई कानाशी येऊन पुटपुटली, "दम धरा. कमरंखाली काय कळत न्हाई तुमाला."

"तुला बसवू का ह्या ठेच्यात?"

तेजस्विनीनं कमरेचा वायरलेस काढला. "डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टर म्हणजे शाल निघणार. सोमाजीनं हँडलवरचा खटका सशाच्या चित्रापर्यंत फिरवला. धोंडाबाईनं तो आयुष्यात कासवाच्या पुढं नेला नव्हता. विमान सुटलं. काळी बाहुली आडवी झाली. फुगेवाला बाजूला उडाला, अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस कारंज्यात बसला, पाळलेली बदकं भाकरीच्या वासानं मागं लागली. "गाडा आला, बाजूला व्हा, गाडा आला!" सोमाजी ओरडत होता. गावच्या शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटावा तशी लोकांनी वाट दिली आणि शिट्ट्याही मारल्या.

डिंगोऱ्यात तेव्हा दिवसाचे बारा बारा तास वीज जायची. आदल्या रात्री ती दोनला आली आणि तीनला गेली. तेवढ्या एका तासाच्या चार्जिंगवर विमान पार्कला वळसा घालून बरोबर परत होडीच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि बंद पडलं.

सोमाजीनं मागं पाहिलं. तेजस्विनी पळत येत होती. मग त्यानं वर पाहिलं आणि तो उठला. शाल, भाकऱ्या, अंडी, बरणी सगळं सीटवर टाकून, एका हातात धोतर धरून त्यानं साठ पायऱ्या गाठल्या. पायऱ्यांवरचे लोक भिंतीला चिकटले. वरच्या पोऱ्यानं त्याला पुढच्या बाकावर बसवून दांडी लावली. "बाबा, शेजारी कोणी आहे का?"

"हाय," सोमाजीच्या तोंडून निघून गेलं.

पोऱ्यानं शेजारी कुणाला बसवलं नाही. होडी कड्यावर आली, क्षणभर थांबली आणि सुटली. सोमाजी ओरडला. पोटातून ओरडला. आषाढापासून त्याचा आवाज असा निघाला नव्हता. मग पाणी आलं. गळ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि जिथं यायला हवं तिथं. "आगं आई गं," तो म्हणाला, "काय गार हाय!" आणि हसत सुटला. होडी कडेला लागली तरी हसतच होता.

खाली तेजस्विनी कमरेवर हात ठेवून उभी होती. शेजारी विमान, त्यावर भाकऱ्यांची चवड, चार बदकं, आणि बदकांना पदरानं हाकलणारी अंबाबाई.

"पोरी, चूक झाली," सोमाजी निथळत म्हणाला. "भाकऱ्या काढून घे. बायांना काय म्हणू नको."

तेजस्विनीनं इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली घेतला. "काका, मी डिंभ्याची हाय, तुमच्या शेजारच्याच गावची. ठेच्याचा वास मला गेटवरच आला. म्हणून तर तुमच्यासंगं ऱ्हायले, दुसरं कोण आलं असतं तर कवाच शाल उचलली असती."

"मग होडीत का बसून दिलं न्हाईस?"

"गेटवर तुमच्याच बायांनी सांगितलं ना, कमरंखाली कळत न्हाई म्हणून? मी सकाळपास्नं वाट बघतीय, तुमी उठताय कवा." तिनं बरणीत डोकावलं. "समदा सांडला का? चार म्हैनं झालं, हॉस्टेलची भाजी खाऊन तोंड अळणी झालंय."

पंपघराच्या मागं कुणी येत नसे. तिथं चौदाजण बसून जेवले. बरणीच्या तळाशी उरलेला ठेचा तेजस्विनीच्या वाट्याला आला.

निघताना तिनं फोटोच्या खिडकीतून एक फोटो आणून दिला. होडी सुटताना तिथला कॅमेरा आपोआप टिपतो. फोटोत सोमाजीचा आ वासलेला, टोपी हवेत, आणि शेजारची जागा रिकामी. अंबाबाई त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. पदरानं फोटो पुसला. पुसायचं कारण नव्हतं, तो कोरडाच होता.

मग म्हणाली, "दाजी, धोतर कुठं चाललंय वर?"

दिवसभर चालून तिचे गुडघे आता टोमॅटोसारखे सुजले होते. विमानापाशी येऊन ती उगाच काळ्या बाहुलीची गाठ नीट करत राहिली. सोमाजीनं सीट हातानं झटकली. ती बसली. बॅटरी संपलेली, म्हणून तो मागून ढकलू लागला.

गेटवर सकाळचाच वॉचमन होता. तो खुर्चीतून उठला. त्यानं ढकलणाऱ्या सोमाजीच्या पायांकडे पाहिलं, मग गाडीतल्या अंबाबाईकडे.

"मावशी, सकाळी पाय काकांचे गेले होते ना?"

"व्हय," अंबाबाई शाल गुडघ्यावर ओढून घेत म्हणाली. "गाडी एकच हाय रं बाबा. पाय आमच्यात आळीपाळीनं जात्यात."