पंधरा दिवस काहीही न लावलेलं माणूस

सगुणाबाईंच्या कमरेवर, लुगड्याच्या गाठीच्या बरोबर खाली, चार महिन्यांपासून गजकर्ण होते आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः सगुणाबाईंना आणि दुसरे त्या गजकर्णाला. आधी ते रुपयाएवढे होते, आता तळहाताएवढे झाले होते. राधेश्यामच्या मेडिकलमधून मलमाची नळी आणवावी, तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या टेंभुर्णीला कळले असते. आणि 'अंग घासून धुतलं तर गजकर्ण होतच न्हाई' असे चाळीस वर्षे गावाला ठणकावून सांगणाऱ्या बाईला ते परवडणारे नव्हते. म्हणून त्या दाराआड जाऊन खाजवीत आणि बाहेर येऊन दुसऱ्यांना बोलत.

अशातच जालन्याहून नातीचा फोन आला. अर्पिता त्वचारोगाची डॉक्टर होती. जिल्ह्यातले गजकर्ण अलीकडे नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले होते. त्या रोगाची बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची आणि ती कोणत्या औषधाने मरते, कोणत्याने मरत नाही हे शोधायचे, असा तिच्या प्रबंधाचा विषय होता.

"आज्जी, तीन आठवड्यांनी गुरुवारी आम्ही टेंभुर्णीला येऊन राह्यलो. गजकर्ण असलेली दहा-बारा माणसं जमवून देशील? पण अट हाय. आधीचे पंधरा दिवस त्यांनी तिथं काही लावलेलं नको. मलम लावलं की बुरशी दबून बसते, मंग आमच्याकडं उगवत न्हाई."

"तू बिलकुल फिकीर करू नको," सगुणाबाई म्हणाल्या. "बोट लावू देणार न्हाई कुणाला."

शब्दाला त्या जागल्या. पहिला माणूस घरातच सापडला. धाकटे दीर कडूबा यांच्या मानेभोवती गजकर्णाचा हारच होता. बाकीचे अकरा त्यांनी गल्लोगल्ली फिरून, सदऱ्याच्या बाह्या वर करायला लावून निवडले. बाराही जणांच्या मलमाच्या नळ्या जप्त करून पितळी डब्यात कुलूपबंद केल्या. पंधरा दिवस ती बारा माणसे खांबांना, दाराच्या चौकटींना आणि बैलगाडीच्या साट्याला पाठ घासत फिरली. कडूबा तर रडकुंडीला आले.

"वहिनी, निदान बोटभर तरी लावू द्या. जीव चाललाय माझा."

"जाऊ द्या. गुरुवारनंतर जाऊ द्या," सगुणाबाई म्हणाल्या आणि लगबगीने दाराआड गेल्या.

शेजारच्या कांताबाई हे सारे आपल्या ओट्यावरून पाहत होत्या. सगुणाबाई विचारायला गेल्या तेव्हा त्यांनी पदर सावरून उत्तर दिले होते, "आमच्या घरात असलं काही नसतंय बाई. आमच्यात साबण वापरत्यात."

गुरुवारी अकरा वाजता पांढरी गाडी दारात थांबली. अर्पिता उतरली, तिच्यामागून तिच्या मार्गदर्शक डॉक्टर सुमेधा उतरल्या. हातात नमुन्यांची पेटी, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर काटेकोर शिस्त. ओट्यावर बारा माणसे ओळीने मांडी घालून बसली होती. उन्हात ती लखलखत होती. नखशिखांत पिवळी होती.

अर्पिता पायरीवरच थांबली. "आज्जी, हे काय लावलंय?"

"काहीच न्हाई. तू सांगितलं तसं. पंधरा दिवस मलमाचा वास घेऊ दिला न्हाई."

"मंग हे पिवळं?"

"हळद हाय की. करंजाच्या तेलात कालवून लावली. त्याच्याआधी कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. पहाटपासून एकेकाला पाय घासायच्या वजरीनं घासून काढलंय."

"लई घासलं," कडूबा कळवळून म्हणाले. त्यांच्या मानेवरचा हार जाऊन तिथे नुसती तांबडी सालटे उरली होती.

"अगं आज्जी, काही लावू नको म्हणले ना मी!"

"हळद काय मलम हाय व्हय? ती तर लग्नात लावतो आपण. आणि जालन्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई घरी येणार, त्यांच्यापुढं असली खवल्या-खवल्यांची माणसं बसवू? पाहुणे येणार म्हणल्यावर आपण भांडीसुद्धा उजळून ठेवतो."

डॉक्टर सुमेधांनी कडूबांची मान वाकवून पाहिली, मग पुढच्याची पाठ, मग त्याच्या पुढच्याचे कोपर. बाराव्याशी पोहोचल्यावर त्यांनी पेटीचे झाकण लावून टाकले.

"आजी, आम्हाला ते खवलेच हवे होते. बुरशी त्यातच असते. ती तुम्ही धुऊन टाकलीत, आणि वर हळद आणि तेल. यातून आता काही उगवेल याचा भरवसा नाही." मग त्या अर्पिताकडे वळल्या. "नमुने घेण्याचा आज शेवटचा दिवस आहे. जाफ्राबाद तालुक्यातलं आपलं हे एकच गाव. इथून एकही नमुना मिळाला नाही, तर पूर्ण तालुका गळेल आणि तुझा प्रबंध सहा महिने लांबेल. आपली गाडी दोन वाजता निघणार."

लहानपणी रडू आवरताना अर्पिता खालचा ओठ आत ओढीत असे, तसा तिने आताही ओढला. सगुणाबाईंनी तो ओठ पाहिला आणि पदर खोचला.

"कडूबा भाऊजी! उठा. गावात जा. पंधरा दिवस काहीही न लावलेलं एक माणूस जल्दी घेऊन या. एकच बास हाय."

पिवळे कडूबा धावत गेले आणि अर्ध्या तासात तिघांना घेऊन आले. पहिल्याने शपथेवर सांगितले की आपण कसलेही मलम लावलेले नाही.

"मंग हे पांढरं काय हाय?" अर्पिताने विचारले.

"टूथपेस्ट. गार वाटतंय त्याच्यानं."

दुसऱ्याने तंबाखूचे पाणी लावले होते. तिसरा जवळ येण्याआधीच त्याचा वास आला. त्याने मोटारसायकलचे पेट्रोल चोळले होते. डॉक्टर सुमेधांनी तिघांचीही नावे विचारली नाहीत.

"राधेश्यामकडं जा," सगुणाबाईंनी फर्मावले. "कोण मलम न्हेत न्हाई ते इचारा."

कडूबा घाम पुसत परत आले. "वहिनी, तो म्हणतोय, समदं गावच न्हेतंय. तुम्ही बारा जणांच्या नळ्या धरल्यापासून लोकांनी घाबरून दोन-दोन घेऊन ठेवल्यात. दुकानात एक नळी शिल्लक न्हाई."

एक वाजून गेला होता. कांताबाई सूप घेऊन आपल्या ओट्यावर आल्या आणि रिकामेच सूप पाखडू लागल्या. "मिळालं का गं कुणी? न्हाई, एवढा बोलबाला केल्ता म्हणून इचारलं."

सगुणाबाईंनी तिकडे पाहिले नाही. त्यांची नजर घड्याळावर होती. दीड झाला. पावणेदोनला ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवला आणि गाडी वळवून उभी केली. डॉक्टर सुमेधा उठल्या.

"चल अर्पिता. वाईट वाटून घेऊ नकोस. टेंभुर्णी वगळू या."

सगुणाबाईंच्या कमरेला त्याच क्षणी अशी खाज सुटली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. चाळीस वर्षांची ताठ मान एका पारड्यात होती आणि नातीचा ओढलेला ओठ दुसऱ्यात. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले.

"थांबा!" त्या कडाडल्या. इंजिन आपोआप बंद पडले. "अर्पिता, आत ये. डॉक्टरीणबाईंना बी आण. आणि दाराला कडी लाव."

आतल्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "एक माणूस हाय. पंधरा दिवस कशाला, चार महिने काही लावलेलं न्हाई त्यानं."

"कोण आज्जी? कुठं हाय?"

सगुणाबाईंनी लुगड्याची गाठ सैल केली.

मग डॉक्टर सुमेधा खाली वाकल्या आणि आयुष्यभर दागिने पाहिलेल्या सराफाच्या आवाजात म्हणाल्या, "वा! काय सुंदर कड आहे."

"पण आज्जी," अर्पिता घाबरून म्हणाली, "तू बी सकाळी कडुनिंबानं..."

"न्हाई."

"हळद?"

"न्हाई."

"निदान साबण तरी..."

"पहाटपासून बारा घोडे धुतले मी! मला कधी वेळ मिळाला?" सगुणाबाईंचा आवाज चिरका झाला आणि लगेच खाली उतरला. "आंघोळ राह्यलीय माझी. हळू बोल. ती कांता सूप पाखडायची थांबलीय."

बोथट पात्याने अलगद खरवडून खवले काळ्या कागदावर पाडले गेले, कागदाची पुडी झाली. डॉक्टर सुमेधांनी पुडीवर नाव न लिहिता फक्त आकडा लिहिला. "नाव कुठेही येणार नाही, आजी. मी शब्द देते." दोनला दोन मिनिटे कमी असताना गाडी सुटली. "कोण मिळालं?" असे कांताबाईंनी तीनदा विचारले आणि सगुणाबाई तिन्ही वेळा आंघोळीला गेल्या.

सव्वा महिन्याने फोन आला. सगुणाबाई तो घेऊन दाराआड गेल्या.

"आज्जी, तुझी बुरशी उगवली! आणि काय उगवली म्हणून सांगू! नेहमीचं औषध घातलं, वाढतच राह्यली. दुप्पट केलं, चौपट केलं, शेवटी त्याचंच आमच्याकडचं सगळ्यात तेज द्रावण घातलं. तिनं बिलकुल जुमानलं न्हाई. मॅडम म्हणून राह्यल्या, एवढी हट्टी बुरशी सगळ्या जिल्ह्यात दुसरी न्हाई."

"सगळ्या जिल्ह्यात?"

"एकशे चाळीस नमुन्यांत एकच. मॅडम तिच्यावर परिषदेत बोलणारेत."

"अंबड तालुक्याची? बदनापूरची?"

"सगळ्या मेल्या आज्जी. तुझी तेवढी राह्यली. पण घाबरू नको, दुसऱ्या एका औषधानं मरते. शनिवारी गोळ्या घेऊन येते. मी सांगीन तितके आठवडे, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. मधीच सोडल्या तर ती आणखी शेफारते."

"मरते?" सगुणाबाई म्हणाल्या. त्या आवाजात किंचित खेद होता. "बरं. घेईन."

फोन ठेवून त्या ओट्यावर आल्या. कांताबाई आपल्या ओट्यावर शेंगा फोडीत होत्या. सगुणाबाईंनी दोन क्षण तोंड दाबून धरले. तिसऱ्या क्षणी ते सुटले.

"जिल्ह्यात पहिलं आलंय."

"कोण? अर्पिता?"

"माझं गजकर्ण."

कांताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कसल्याच औषधाला ऐकत न्हाई," सगुणाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "एकशे चाळीस गजकर्णं आली व्हती. समदी पडली. परिषदेत भाषण होणार हाय त्याच्यावर."

कांताबाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिले. मग शेंगांची पाटी बाजूला सारून त्या सगुणाबाईंच्या ओट्यावर चढल्या आणि पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर केली. "हे बघ की. दोन वर्षांचं हाय. तुझ्या नातीला सांग ना, माझं बी न्यायला."

सगुणाबाईंनी कमरेला खोचलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि तो दंड उजेडाकडे फिरवून बारकाईने पाहिला.

"मलम लावतीस?"

"राधेश्यामकडचं. लावलं की चार-आठ दिवस दबून राहतं बघ."

"मंग राहू दे," सगुणाबाईंनी चष्मा उतरवला. "दबणारी त्यांच्याकडं लई पडलीत."