पलतडीचो आजो

गुणादादा तारी यांना हळू बोलता येत नसे. शेजारी चटईवर बसून त्यांनी "भाऊ, चाय घेतलात काय?" असं विचारलं की अंगणातल्या कोंबड्या उठून पळत आणि खाडीच्या पलीकडून कुणीतरी "होऽऽय" म्हणून उत्तर देई. त्यात त्यांचा दोष नव्हता. तीस वर्षं त्यांनी आरोंद्याच्या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवली. गिऱ्हाइकाने त्या काठावरून हाक घालायची, दादांनी या काठावरून तिला उत्तर द्यायचं, आणि मग होडी सोडायची. पाण्यावरून जायला सरावलेला आवाज जमिनीवर मावत नसे.

मी आरोंद्याला आलो तो कस्टमच्या नाक्यावर कारकून म्हणून. मालवणात वाढलेला, चार पुस्तकं वाचलेला, आणि त्यामुळे जगातल्या बऱ्याच गोष्टींना हसण्याचा आपल्याला हक्क आहे असं समजणारा. पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली होती. खाडीच्या अलीकडे आपला देश आणि पलीकडे पोर्तुगीजांचा. भरती मात्र दिवसातून दोनदा दोन्ही देशांना एकदमच येई. पण तिच्यासाठी आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

हद्द बंद झाली तशी तरही बंद झाली. दादांची होडी सरकारी हुकमाने काठावर ओढून पालथी घालण्यात आली. त्यांची एकुलती मुलगी शेवंता त्याआधी वर्षभरच पलतडीला, म्हणजे पलीकडच्या काठाला, दिली होती. त्या वेळी लोकांनी सावंतवाडीची चांगली स्थळं सुचवली होती. दादा म्हणाले होते, "सावंतवाडी लांब पडता. पलतड म्हणजे आमचो मांगर. मधी फक्त पाणी आसा." आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांचा हा परसातला मांगर परदेशात गेला.

दोनेक वर्षांनी शेवंताला मुलगी झाली. दादांनी नात पाहिली ती या काठावरून. पंचात गुंडाळलेलं, शेवंताने दोन्ही हातांनी उंच धरलेलं मुठीएवढं काहीतरी. दादांनी तिथेच घोषणा केली की नाक थेट आपल्यावर गेलं आहे. तेवढ्या अंतरावरून मला त्या गाठोड्याची वरची बाजू कोणती हेदेखील कळलं नव्हतं.

परवान्यासाठी अर्ज मी लिहून दिला. "भेटीचं कारण काय लिहू?" म्हणून विचारलं.

"लिवा, चेडवाक एक घास भरवचो आसा."

नातीला घास भरवणं याऐवजी मी 'कौटुंबिक' असं लिहिलं. अर्ज परत आला. सत्याग्रही आरोंद्यावरून गेले त्या वेळी दादांनी त्यांना पेज वाढली होती आणि पलीकडच्या सरकारने त्यांचं नाव कुठेतरी टिपून ठेवलं होतं. दादांनी नकाराचा कागद घडी करून पानाच्या डब्यात ठेवला. आपण त्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत का लिहिलं नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

मग दादांनी परवान्याशिवाय परदेशी राहायला सुरुवात केली. तेही शनिवार-रविवार, कारण जावई पेडण्याला एका दुकानात कामाला होता आणि दुकान रविवारी बंद असे. जावयाच्या बहिणीचं घर अगदी पलतडीच्या काठावर. शनिवारी दुपारी शेवंता मुलीला घेऊन तिथे येई. दादा इकडे जेवून तयारच असत. "पावलंस गोऽऽ?" अशी पहिली हाक गेली की आरोंद्याचा शनिवार सुरू होई.

रविवार म्हणजे धांदल. शेवंता काठावरच्या दगडावर बसून मुलीला न्हाऊ घाली, आणि इकडून दादा त्या अंघोळीची देखरेख करत. "कान धर! कानात पाणी जाता! अगो, मानेमागे रवला!" मानेमागे काय राहिलं ते या काठावरून कुणाच्या बापालाही दिसलं नसतं. पण शेवंता मुकाट्याने मान चोळी. वारा उलटा असला की आवाज पोचत नसे. त्यासाठी दादांनी छत्री ठेवली होती. काळी छत्री लांबून खडकासारखी दिसते म्हणून काशीकाकूंकडून, म्हणजे आपल्या बायकोकडून, तिला लाल खारव्याचं भलंमोठं ठिगळ लावून घेतलं होतं. छत्री एकदा उघडून मिटली तर 'जेवली काय?', दोनदा तर 'न्हाली काय?', आणि तीनदा तर 'पोट साफ झालं काय?' शेवंता पंचा हलवून उत्तर देई.

जेवण हा सगळ्यात कठीण भाग. बाय, म्हणजे ती नात, तोंड उघडत नसे. शेवटी दादांनी युक्ती काढली. इकडे स्वतः पेजेचं ताट घेऊन बसायचं, घास उंच धरून दाखवायचा आणि ओरडायचं, "ह्यो घास आजयाचो! आता बायचो!" आजाने खाल्ला की बाय खाई. न खाल्ला तर नाही. काशीकाकू मला म्हणत, "घरात माजी पेज कदी गोड लागाक नाय. आता बगा, तीन ताटां संपयली. परदेशात नेवन वाडूक व्हयी होती."

गावात एकाचा मुलगा आफ्रिकेत होता. तो गृहस्थ चारचौघांत पत्र काढून वाचून दाखवी, तिकिटावरचं चित्र सगळ्यांना हाताळू देई आणि पत्र यायला किती समुद्र ओलांडावे लागतात ते सांगे. एकदा दादांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे ऐकताना शांत होते. मग म्हणाले, "तुज्या झिलाचा पत्र येवक म्हयनो लागता. माजा परदेशातला चेडू शिंकला तरी माका आयकाक येता."

बायने पहिलं पाऊल टाकलं ते सगळ्यांआधी पाहिलं तेही दादांनीच. तिथे हाताच्या अंतरावर आई, बाप, आत्या, सगळी बसली होती आणि सगळी एकमेकांशी बोलत होती. इकडून दादा उभे राहिले. "चलला! शेवंता, चेडू चलला!" अख्खा आरोंदा बाहेर आला. शेवंताने मागे वळून पाहिलं तोवर बाय खाली बसली होती. जावयाने ती बातमी मान्य करायला पुढला रविवार लावला.

पण एकदा पाय फुटल्यावर ते कुठे जातील याचा नेम नसतो. एका रविवारी शेवंता पाठ करून भांडी विसळत होती आणि बाय सरळ पाण्याकडे निघाली. भरती चढत होती. वारा समोरून होता. दादांनी हाक घातली, ती त्यांच्याच तोंडावर परत आली. त्यांनी छत्री उघडली, मिटली, उघडली, मिटली, किती वेळा ते मोजायच्या पलीकडे. पलतडीवर पहारा करणारा पाखलो, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, चमकला आणि त्याने बंदूक दादांवर रोखली. छातीवर बंदूक रोखलेली असतानाही दादा तसेच उभे राहिले आणि छत्रीचं टोक पाण्याकडे करून दाखवत राहिले. शिपायाने टोकाच्या दिशेला पाहिलं. बंदूक टाकून तो धावला आणि गुडघाभर पाण्यातून त्याने पोरीला उचलली. मग तिला दोन्ही बगलांत धरून त्याने उंच केली, दादांना दिसावी म्हणून. दादांनी छत्री मिटून कपाळाला लावली. शिपायाने टोपी काढली.

त्या संध्याकाळी दादा ओट्यावर बसून स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते. "भाऊ," ते म्हणाले, आणि चक्क शेजारच्या घरालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "पाखल्यान पण तेका उचलल्यान. माकाच तेवढा उचलूक मेळाक नाय."

हा प्रकार आमच्या बाजूच्या पहाऱ्यानेही पाहिला होता. त्याने वर कळवलं : इसम नामे गुणाजी हा छत्रीच्या खुणांनी शत्रूच्या सैनिकाशी संधान बांधतो, सैनिकाने त्यास मानवंदना दिली. वरून साहेब आले. जीपमधून उतरताना त्यांनी गॉगल लावला, आणि खाडी बघताना काढला. नाक्यावर टेबल मांडून त्यांनी दादांना समोर उभं केलं.

"तीन वेळा छत्री उघडणे. याचा अर्थ काय?"

दादांनी अर्थ सांगितला. नाक्याच्या खिडकीबाहेर जमलेल्या बायका पदर तोंडात घालून पळाल्या. साहेबांनी लिहायला घेतलेली लेखणी वर उचलली.

"थट्टा समजता? हे काठावर येणं बंद करावं लागेल तुमचं."

दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तरीची होडी पालथी घातली तेव्हाही ते एवढे घाबरले नव्हते, असं गाव सांगे. मी म्हणालो, "साहेब, आज रविवारच आहे. आपण समक्ष पाहावं." नोकरीत मी केलेलं धाडस म्हणतात ते एवढंच.

साहेब काठावर खुर्ची टाकून बसले. समोर शेवंता ताट घेऊन, मांडीवर बाय. दादांनी घास उंच धरला, ओरडले, खाल्ला. बायने मान फिरवली. दुसरा घास, तेच. ती एकटक साहेबांच्या टोपीकडे बघत होती. दादा वळून म्हणाले, "सायबानू, आज तिचा ध्यान तुमच्यार आसा. एक घास तुमी खावा."

"मी?"

"टोपीवालो खाता म्हटल्यार ती खातली. उपाशी रवात चेडू."

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं. मग त्यांनी चमचा मागितला, चमचा नव्हता, आणि पाची बोटांनी पेजेतल्या भाताचा घास करून तो त्यांनी हिंदुस्थान सरकारच्या वतीने उंच धरला. बायने खाल्लं. साहेबांनी एकूण सात घास खाल्ले. अहवालात लिहिलं, 'समक्ष चौकशी केली. आक्षेपार्ह काही आढळले नाही.' जाताना काशीकाकूंकडून आंब्याचं लोणचं बांधून नेलं.

असे शनिवार-रविवार मी चार वर्षं पाहिले. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. खाडीवरची हद्द आठवड्याभरात नाहीशी झाली आणि आमचे सगळे शिक्के एकदम खोटे पडले. दादांनी हिशेब केला : होडी सहा वर्षं उन्हात तडकली आहे, तिच्या फटी बुजवायच्या, डांबर लावायचं, आणि रविवारी स्वतः जाऊन शेवंताला आणि बायला आणायचं. पण शेवंताला रविवारपर्यंत दम निघाला नाही. शनिवारी सकाळीच ती कुणाच्या तरी होडीतून मुलीला घेऊन उतरली. दादा होडीखाली उताणे पडून डांबर लावत होते.

काशीकाकूंनी आधीच बजावलं होतं, "आवाज करू नका हां. पोर भियात." दादांनी हात घासले, सदरा घातला आणि अंगणात येऊन उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो आरोंद्यात कुणी ऐकलेला नव्हता.

"ये गो बाय."

कोंबड्यांनी मानही वर केली नाही.

बाय आईच्या लुगड्यामागे गेली. "अगो, आजो तो!" शेवंता म्हणाली. चार वर्षांच्या त्या मुलीने समोरच्या उंच, घामेजलेल्या, पुटपुटणाऱ्या माणसाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्यो नाय. माजो आजो पलतडी आसा." आणि तिने खाडीपलीकडे बोट दाखवलं, ती ज्या काठावरून नुकतीच आली होती त्या काठाकडे.

सगळी हसली. दादाही हसले आणि पायरीवर बसले. काकूंनी पेज वाढली, बायने ढकलली. ती काठावर जाऊन उभी राहिली, समोरच्या मोकळ्या किनाऱ्याकडे बघत. थोड्या वेळाने रडवेल्या आवाजात तिने विचारलं, "आजो खंय गेलो?"

दादा उठले. खुंटीवरची छत्री काढली आणि शेवंताला घेऊन आलेली होडी ढकलायला लागले.

"खंय चललात?" काकू ओरडल्या.

"तिचो आजो थंय आसा मगे," दादा म्हणाले. "तेका घेवन येतंय."

सहा वर्षांनी त्यांनी पलतडीवर पाय ठेवला तो त्या मुलखाकडे पाठ करून, आपल्याच घराकडे तोंड करून उभं राहण्यासाठी. लाल ठिगळाची छत्री उघडली.

"बाय गोऽऽऽ! जेवलंस काऽऽय?"

बाय जागच्या जागी उडाली. "आजो! नाऽऽय!"

"मगे खा! ह्यो घास आजयाचो!" समोर ताट नव्हतं. दादांनी रिकाम्या हाताचा घास उंच धरला आणि खाल्ला. इकडे बायने तोंड उघडलं. ताट संपेपर्यंत दादा पलीकडे हवा खात होते.

मग ते होडीत चढले. छत्री उघडीच होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, खोवली आणि वल्हं मारायला लागले. एकीकडे ओरडणं चालूच. न्हालंस काय, कान धुतलंस काय, शिंकलंस कशाक? मला धास्ती होती ती मधल्या पाण्याची, तिथे हाक तुटली तर बायचा आजा पुन्हा हरवेल याची; पण दादा ओरडायचे क्षणभरही थांबले नाहीत. मुंगीएवढा आजा बाहुलीएवढा झाला, मग मुलाएवढा, मग माणसाएवढा. बाय पाऊलभर पाण्यात उभी राहून, डोळ्याची पापणी न हलवता, ते बघत होती.

होडी टेकली. बायने आधी छत्रीच्या लाल ठिगळाला बोट लावून पाहिलं. मग मान मागे टाकून वर बघितलं.

"आज्या," ती म्हणाली, "तू मोठो झालंस."

दादांनी तिला उचललं. तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी सांगितलं. पलतडीवरून कुणीतरी हाक घालून विचारलं, "दादाऽऽ, काय म्हणताऽऽ?" दादांनी एका हाताने नाळेतली छत्री काढली आणि मिटली.