खुनी ठरेपर्यंत दळण बंद

निवृत्त प्राध्यापक मारुतीरावांनी आपल्या रहस्यकादंबरीत खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगितले नाही, आणि तिसऱ्याच दिवशी उचगावात नागोजीची पिठाची गिरणी ओस पडली. कादंबरीत पाटलांच्या डोक्यात कुणीतरी वरवंटा घातला होता. संशयितांत एक डावखुरा, मिशाळ गिरणीवाला होता. आणि गावात तसा गिरणीवाला एकच.

नागोजी पिठाने माखलेल्या अंगानेच मारुतीरावांच्या घरी आला. “सर, बायका दळण घिऊन बेळगावला चालल्यात! म्हणत्यात, आदी खुनी कोन ते ठरू दे.”

“नागोजी, आयुष्यात तरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळतं का? वाचकानं अस्वस्थ राहावं, हाच माझा हेतू.”

“वाचक निवांत हाय, सर. अस्वस्थ मी झालोय.”

दुसऱ्या दिवशी मारुतीरावांच्या पत्नी, गुणाबाई, गिरणीतून परतल्या त्या डबा आपटतच. “निम्मंच दळून दिलंय त्यानं! म्हणतोय, फुडचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं.”

त्या भरड्याची भाकरी दोन दिवस चावल्यावर मारुतीरावांची साहित्यनिष्ठा डळमळली. त्यांनी शेवटचे एक पान लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावले : खून झालाच नव्हता, वरवंटा फळीवरून आपोआप पडला होता.

“दोनशे पानं वाचाय लावली आन् खूनच न्हाय?” वाचनालयाचा चिटणीस रवळू कडाडला. “पुस्तक परत घ्या!”

मारुतीराव विचारात पडले. गवळ्याला खुनी करावे, तर त्याचे दूध कोण घेणार? शिंप्याला करावे, तर त्याला माप कोण देणार? ज्याच्यावाचून कुणाचेच काही अडत नाही, असा गावात एकच माणूस होता. त्यांनी जड मनाने नवे पान लावले : खुनी म्हणजे ही कथा सांगणारा निवृत्त प्राध्यापकच.

गाव तृप्त झाले. गिरणी पुन्हा घरघरू लागली. नागोजी स्वतः बारीक पिठाचा डबा घेऊन आला आणि फाटकाबाहेरच ठेवून वळला.

“अरे, चहा तरी घे!”

“नको, नको. शेवट लई पटला, सर!” तो कोपऱ्यावरून ओरडला.

दुपारी भाकरी मऊ लुसलुशीत होती. मारुतीरावांनी समाधानाने चटणी चाखली आणि ते थबकले. “अगं, ही पाट्यावरची नाही?”

“मिक्सरमधली हाय.” गुणाबाईंनी आपले ताट हळूच थोडे लांब सरकवले. “वरवंटा माहेरी पाठवलाय.”