मंदाकिनीबाईंच्या दोन ओळी

कॉलेजात असताना मंदाकिनीबाईंनी एका समूहगीतात दोन ओळी एकटीने गायल्या होत्या आणि त्या गाण्याची चक्क रेकॉर्ड निघाली होती. पण वाजवायला घरात यंत्र नव्हतं, त्यामुळे त्या ओळी जन्मभर कपाटातच राहिल्या. यंदा बायकोच्या वाढदिवसाला त्या ऐकवायच्याच, असं सदाशिव पेठेतल्या दीनानाथरावांनी ठरवलं. त्यांनी टर्नटेबल आणि स्पीकर आणले, सुईचा बारीक आवाज मोठा करणारी प्री-अ‍ॅम्पची डबी आणली आणि जोडणीही स्वतःच केली. (उभा जन्म वीज खात्यात गेला होता. बिलं तपासण्यात गेला, पण खातं विजेचंच ना!)

सुई टेकली. "घूंऽऽऽ!"

"समूहात भुंगेही होते, हे मी विसरलेच होते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दीनानाथरावांनी फ्रिज, पंखा, देवघरातली दिव्यांची माळ, सगळं बंद केलं. घूं ढिम्म. शेवटी त्यांनी मेन स्विच पाडला आणि आनंदाने ओरडले, "गेला आवाज!"

"रेकॉर्डही थांबलीय, अहो."

म्हणजे दोष आपल्या घरात नाही, इमारतीत आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी भर दुपारी वरच्या मजल्यावरच्या अनंतरावांची बेल वाजवली. (पुण्यात या वेळी बेल वाजवायला घराला आग तरी लागावी लागते.)

"आपला फ्रिज जरा बंद करता का?"

"अवश्य. आमचा श्वास चालू राहिला तर चालेल ना?"

असं करत त्यांनी सगळी बिऱ्हाडं उठवली. झोप मोडलीच आहे तर निदान गाणं ऐकू, म्हणून सगळे दीनानाथरावांच्या हॉलमध्ये येऊन बसले. घूं जसंच्या तसं. नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसलेल्या मंदाकिनीबाई हळूच उठल्या. "राहू द्या आता. चहा टाकते." ते ऐकून दीनानाथरावांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात अनंतराव टेबलामागे वाकले. "ही टर्नटेबलची हिरवी वायर रबरबँड लावून का गुंडाळलीय?"

"जास्तीची निघाली. म्हटलं, टाकायची कशाला? कधीतरी उपयोगी पडेल."

"मग आजच पडू दे की!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

ती अर्थिंगची वायर होती. अनंतरावांनी ती डबीच्या स्क्रूला जोडली आणि घूं नाहीसं झालं. गाणं सुरू झालं. मंदाकिनीबाईंची पहिली ओळ आली, इतकी गोड, की अनंतरावांनीसुद्धा मान डोलावली. बाईंनी डोळे मिटले. दुसरी ओळ सुरू झाली आणि पुन्हा "घूंऽऽऽ!"

अनंतरावांनी डबीला कान लावला, मग स्पीकरला, आणि शेवटी दीनानाथरावांना.

"यंत्र ठणठणीत आहे. तुमचे हे गुणगुणतायत."

मंदाकिनीबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "मग त्यांचा मेन स्विच पाडा."