उज्ज्वलाताईंच्या कादंबरीतला नवरा

वैवाहिक जीवनाचा पाया परस्परविश्वास हा असून, तो टिकवण्यासाठी काही बाबी परस्परांना न कळवणे इष्ट असते. घाटंजीचे भारत राठोड यांनी हे तत्त्व एकवीस वर्षे निष्ठेने पाळले.

मग त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई, ज्या शाळेत मराठी शिकवतात, त्यांनी नवरा-बायकोच्या लपवाछपवीवर एक रहस्यकादंबरी लिहिली. प्रकाशनाला भारतभाऊंनी स्वतः पेढे वाटले. (कादंबरी त्यांनी वाचली नव्हती. प्रमुख पाहुण्यांनीही नव्हती.)

आठवडाभरात अकरा नवऱ्यांनी घरी येऊन तोंडी हरकत नोंदवली, की कादंबरीतला नवरा आपणच आहोत. पैकी चौघांना उज्ज्वलाताई ओळखतही नव्हत्या. शेजारचे रामलाल तर रडकुंडीला आले. "वहिनी, पान चव्वेचाळीसवर मले काहून घेतलं?"

पान चव्वेचाळीसवर फक्त एका बैलाचे वर्णन होते.

तेव्हा कुठे भारतभाऊंनी रविवारी दुपारी पुस्तक उघडले. नायिकेला नवऱ्याचे गुपित पहिल्याच प्रकरणात कळते. ती भांडत नाही. पुढची एकोणीस प्रकरणे ती गोड आवाजात एकेक गोष्ट मागत जाते. नवरा होकार देत जातो आणि त्यालाच आपला दिलदारपणा समजतो.

भारतभाऊंनी बोटांवर हिशेब केला. गेल्या वर्षभरात त्यांनीही स्कूटी, महिन्यातून एकदा माहेर, तुरीच्या वावराच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आणि टीव्हीचा रिमोट, हे सारे राजीखुशीने दिले होते.

म्हणजे तिला कळले होते. पण कोणते? त्यांच्याकडे एकूण सात गुपिते होती. (राष्ट्रीय सरासरी उपलब्ध नाही, पाहणीत कोणी खरे सांगत नाही.)

ते तडक स्वयंपाकघरात गेले. उज्ज्वलाताई डाळ निवडत होत्या.

"उज्ज्वला, तुले सगळं माहीत हाय ना?"

"हाय नं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मग भारतभाऊंनी एका दमात सगळे सांगून टाकले. यवतमाळची मिटिंग म्हणजे शुगर असताना खाल्लेली जिलेबी. सकाळचे फिरणे म्हणजे पत्ते. सासऱ्यांनी दिलेले घड्याळ हरवले नव्हते, ते विहिरीत पडले होते. मेहुणे बादलभाऊ ग्रामपंचायतीला एका मताने पडले, ते मत भारतभाऊंचे होते. (उरलेल्या तीन बाबी येथे देणे प्रशस्त नाही.)

उज्ज्वलाताईंचा हात डाळीतच थांबला.

"मले तर फक्त जिलेबीचं माहीत होतं," त्या म्हणाल्या.

भारतभाऊ मटकन पाटावर बसले. एकवीस वर्षांत प्रथमच त्यांना हलके हलके वाटले. ते सुमारे दोन मिनिटे टिकले. तोवर उज्ज्वलाताई वही घेऊन आल्या होत्या.

"आता बादलच्या मतापासून सांगा. हळू हळू सांगा, मी लिहून राह्यली."

दुसऱ्या भागाचे प्रकाशन बादलभाऊंच्या हस्ते झाले. भारतभाऊंकडे खुर्च्या लावायचे काम होते.

वाचक मंडळी भारतभाऊंच्या भोळेपणावर पोट धरून हसतात. हसायला हरकत नाही. फक्त हे पान घरात आपल्याआधी कोणी वाचले, आणि ती व्यक्ती अलीकडे गोड आवाजात काय मागत आहे, एवढे पाहून घ्यावे.